जयंतीच्या मांडवात घरच्यांची जागा

एप्रिल महिना उजाडला की वर्तमानपत्रांच्या रंगीत पुरवण्यांत याद्या यायला लागतात. 'सुट्टीत मुलांना कुठे न्याल?' नरिमन पॉइंटला एनसीपीएत काय आहे, जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये मुलांसाठी कोणती शिबिरे आहेत, कुठे मातीकाम, कुठे नाट्यछटा, कुठे चित्रकला. याद्या वाईट नाहीत. ज्यांना परवडते त्यांनी मुलांना अवश्य न्यावे. परंतु याच दिवसांत, म्हणजे ११ एप्रिलच्या फुले जयंतीपासून वैशाखी पौर्णिमेपर्यंत आणि पुढे मे अखेरपर्यंत, मुंबईच्या शेकडो वस्त्यांत गाणे होते, जलसा होतो, एकांकिका होतात, मुलांच्या वक्तृत्व आणि चित्रकला स्पर्धा होतात, रांगोळ्या निघतात. तिकीट नाही, पास नाही, दारावर कोणी अडवत नाही. लोकांच्या वर्गणीतून उभा राहणारा एवढा मोठा उन्हाळी कला महोत्सव या शहरात दुसरा दाखवावा! तरीही त्याची नोंद कुठल्याच पुरवणीत 'कला' या मथळ्याखाली होत नाही. झालीच तर वाहतूक कोंडीच्या बातमीत होते.

ही तक्रार जुनी आहे आणि खरी आहे. परंतु ती प्रस्थापितांच्या दारात नेण्याआधी एक प्रश्न आपल्याच मंडळांच्या बैठकीत विचारायला हवा. आपल्या या महोत्सवात आपल्या घरातले नेमके कोण बसते?

मी आरे कॉलनीत वाढलो. ज्यांना आरे म्हणजे फक्त मेट्रोचे कारशेड आणि झाडे एवढेच माहीत आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. १९४९ साली मुंबईतले म्हशींचे गोठे शहराबाहेर काढण्यासाठी गोरेगावच्या पूर्वेला तीन हजार एकरांहून अधिक जमिनीवर ही दूध वसाहत वसली. तबेल्यांची युनिटे झाली, त्यांना क्रमांक पडले. आजही आमच्याकडे पत्ता सांगताना गल्ली-रस्ता सांगत नाहीत, युनिट नंबर सांगतात. साताऱ्या-सांगलीकडून, कोकणातून, मराठवाड्यातून आपली माणसे या डेअरीत आणि तबेल्यांत कामाला आली, चाकरीच्या खोल्यांत राहिली. आणि त्याच जमिनीवर, डेअरी येण्याच्या कितीतरी आधीपासून, वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे होते. आजही लोक २७ पाडे मोजतात. म्हणजे युनिट आणि पाडा हे सख्खे शेजारी. दोघेही सरकारी दुग्धविकास खात्याच्या जमिनीवर, दोघांच्याही हातात धड कागद नाही, दोघांनाही पावसाळ्याआधी नोटिसांची भीती. पण वर्षाच्या ३६५ दिवसांत हे दोन शेजारी एका मांडवात किती वेळा बसतात? लग्न-मयत सोडले तर जवळजवळ नाहीच.

गेल्या मे महिन्यात एका रविवारी आमच्या घरातले पाचही जण बाहेर पडलो. आई, पत्नी, सातवीतली मुलगी, तिसरीतला मुलगा आणि मी. सकाळी एका पाड्यावर मुलांसाठी चित्रे आणि गाण्यांचा छोटा मेळावा होता आणि संध्याकाळी आमच्याच युनिटात संयुक्त जयंतीचा कार्यक्रम. एका दिवसात दोन मांडव पाहायला मिळाले, म्हणून फरक डोळ्यांत भरला.

पाड्यावर मांडव म्हणजे आंब्याचे झाड. खाली दोन सतरंज्या. माइक नव्हता. भिंतीला गेरू लावून ठेवला होता, वाटीत तांदळाचे पीठ कालवले होते, बांबूच्या काडीचे टोक ठेचून केलेले कुंचले होते. पाड्यातल्या बायका मुलांना दाखवत होत्या: दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणसाचे अंग होते, वर गोल काढला की डोके. माझ्या मुलाने अर्ध्या तासात एक बिबट्या काढला. तो मांजरीसारखा दिसत होता. पण पाड्यातल्या मुलांनी तो लगेच ओळखला, कारण त्यांनी खरा पाहिलेला आहे! माझी आई सतरंजीच्या मधोमध बसली होती. कोणीतरी तिच्या पुढ्यात करवंदे आणून ठेवली. तासाभरात तिची दोन बायकांशी ओळख झाली आणि जात्यावरच्या ओव्या कोणाकडे कशा म्हणतात यावर त्यांचे चांगलेच बोलणे रंगले.

मी एका म्हाताऱ्या आजींना विचारले, "आजी, संध्याकाळी आमच्याकडे कार्यक्रम आहे. तारपा घेऊन याल का?" त्या हसल्या. म्हणाल्या, "तारपा भात पिकल्यावर. आता लग्नाचे दिवस. आता चौक लिवायचा, धवलेरीनं गायचं." आणि चौक लिहून दाखवाल का म्हटल्यावर मान हलवून म्हणाल्या, "तो लग्नाचा. स्टेजचा नाय."

या दोन वाक्यांत जे होते ते कलासमीक्षेच्या जाड ग्रंथांत मला सापडले नव्हते. तारपा म्हणजे वाळलेला भोपळा, बांबू आणि ताडाच्या पानाचा कर्णा यांचे वाद्य. वाजवणारा श्वास न तोडता वाजवत राहतो आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची साखळी वळत जाते. तो कापणीच्या हंगामाचा आहे. उन्हाळ्याची कला वेगळी: भिंतीवर पालघट देवीचा चौक, आणि तो लिहिणाऱ्या सवाशिणी, तो गाऊन पुरा करणाऱ्या धवलेरी. हे सगळे बायकांच्या हातातले काम. १९७० च्या दशकात ही चित्रे कागदावर आली, शहरात आली, परदेशात गेली. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि ती त्यांची हक्काची होती. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळाले. आज हीच आकृती साडीवर आहे, हॉटेलच्या भिंतीवर आहे, मगवर आहे. पण ज्या बायकांनी पिढ्यानपिढ्या ती भिंतीवर राखली त्यांची नावे कोणाला ठाऊक आहेत?

आता संध्याकाळचे सांगतो. आमच्या युनिटातला मांडव मोठा, निळ्या पताका, सुंदर रोषणाई, बाबासाहेबांची आणि तथागतांची प्रतिमा फुलांनी सजवलेली. त्रिसरण-पंचशील झाले. पाहुण्यांचे सत्कार झाले, एकामागून एक, शाली आणि नारळ, एक तास वीस मिनिटे. मुलांचे कार्यक्रम 'वेळेअभावी' चार भाषणे आणि दोन नाच यांवर आटोपले. माझ्या मुलीने सावित्रीमाईंवर पाठ केलेले भाषण तिच्या वहीतच राहिले. आणि नऊच्या सुमाराला आवाजाच्या पेट्यांची भिंत सुरू झाली. ती सुरू होताच मांडवाची रचना आपोआप बदलली. पुढे पोरे, बाजूला पोरांचे मोबाईल, मागे सरकत सरकत बायका, आणि त्यांच्याही मागे भिंतीला टेकून म्हाताऱ्या. सव्वानऊला माझी आई उठली. कानावर पदर होता. म्हणाली, "बाळा, आवाज लई हाय. पण गाणं कुठं हाय?"

माझ्या आईचा हा प्रश्न मी पूर्ण जबाबदारीने चळवळीपुढे ठेवतो आहे.

कारण आपले गाणे हे करमणुकीसाठी जन्मलेले नाही. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यातला आशय उलटा केला. तीच वाट धरून १९३० च्या दशकात नाशिककडून भीमराव कर्डकांचा जलसा उभा राहिला. पुढे त्यांनीच त्याचा इतिहास पुस्तकात लिहून ठेवला. गावोगाव, कंदिलाच्या उजेडात, बैलगाड्या सोडून माणसे बसत आणि मेलेले जनावर का ओढायचे नाही, पोराला शाळेत का घालायचे, हे हसत-रडत ऐकत. स्वतः बाबासाहेबांनी या जलशाचे मोल आपल्या भाषणांपेक्षा जास्त मानल्याची आठवण आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. १९२८ साली जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी पुण्यात बाबासाहेबांची जयंती सार्वजनिकरीत्या साजरी केली, तेव्हापासून जयंती आणि कला यांची ताटातूट झालेली नाही. वामनदादा कर्डक १५ मे २००४ रोजी गेले, तोवर वस्ती-वस्तीत गात फिरले. विठ्ठल उमपांनी २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, मंचावरच देह ठेवला. आणि आमच्या गोरेगावचेच सांगायचे तर अण्णाभाऊ साठे आयुष्याच्या अखेरीस याच उपनगरातल्या सिद्धार्थनगरात राहत होते. १९४४ साली अमर शेख आणि गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारणारा हा शाहीर १८ जुलै १९६९ रोजी गेला. आरेच्या मुलांना हायवेपलीकडचे हे घर कोणी दाखवले आहे काय?

या गाण्याची ताकद सत्तेनेही ओळखली होती. ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबार झाला, १० जण मारले गेले, आणि चार दिवसांनी विलास घोगरे या गायकाने जीवन संपवले. कबीर कला मंचाच्या शीतल साठे आणि सचिन माळी यांनी २ एप्रिल २०१३ रोजी विधानभवनासमोर स्वतःला पोलिसांच्या हवाली केले. सचिन माळींना जामीन मिळायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि जानेवारी २०१७ उजाडले. शब्द असलेल्या गाण्याची अशी किंमत मोजावी लागते. बिनशब्दांच्या ठेक्याला कोणी अटक करत नाही, कारण त्याची कोणाला भीतीच वाटत नाही.

डीजेवर नाचणाऱ्या पोरांना मी शिव्या देणाऱ्यांपैकी नाही. त्यांची बाजू मी कोर्टात मांडतो, इथेही मांडतो. एक पोरगा मला म्हणाला, "वकीलसाहेब, वर्षभर आम्हाला रस्त्यावर कोण विचारतं? एक दिवस रस्ता आमचा." ज्यांच्या पणजोबांना भर रस्त्याने चालायची मुभा नव्हती त्यांची चौथी पिढी त्या रस्त्यावर नाचते, यात अर्थ आहे. आणि इतरांच्या उत्सवात दहा-दहा दिवस कानठळ्या बसतात तेव्हा ज्यांच्या तक्रारी झोपलेल्या असतात, त्या १४ एप्रिललाच कशा जाग्या होतात, हाही प्रश्न रास्त आहे. परंतु दुसऱ्याच्या गोंगाटाकडे बोट दाखवून आपल्या आईला मांडवाबाहेर घालवता येत नाही.

आता कायद्याचे, कारण दरवर्षी जूनमध्ये मंडळांचे कार्यकर्ते कागद घेऊन माझ्याकडे येतात आणि तेव्हा उशीर झालेला असतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० नंतर तो बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. त्या यादीत १४ एप्रिल बहुधा असतो. पण मंडळांच्या लक्षात येत नाही ते हे की ती सवलत त्या तारखेला आहे, आपल्या कार्यक्रमाला नाही. मे महिन्यातल्या शनिवारी ठेवलेल्या संयुक्त जयंतीला ती आपोआप लागू होत नाही. दुसरे असे की पर्यावरण संरक्षण कायद्यात पूर्वी तुरुंगाची तरतूद होती. जनविश्वास कायद्याने ती काढली आणि १ एप्रिल २०२४ पासून त्या जागी दंड आला, किमान १० हजार, कमाल १५ लाख रुपये. तुरुंग गेला म्हणून आनंद मानणाऱ्यांनी वर्गणीच्या पेटीकडे बघावे. शिवाय आदेश मोडल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली नोंदवता येतोच, आणि पोलीस भरतीच्या पडताळणीत तो कागद वर येतो तेव्हा पेट्या भाड्याने देणारा माणूस साक्षीला येत नाही. आरेत तर बाजूलाच राष्ट्रीय उद्यान आहे, त्याचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र डिसेंबर २०१६ मध्ये अधिसूचित झाले आहे. तक्रारीला कारण शोधावे लागत नाही.

दुसरीकडे जलसा करायला गेले की वेगळीच गंमत. महाराष्ट्रात नाटकाची संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यायची पद्धत आहे. अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये तिला उच्च न्यायालयात आव्हान दिले. एका पोलीस ठाण्यात आमच्या मुलांना विचारले गेले, "गाण्यांचे शब्द लिहून आणलेत का?" पेट्यांच्या भिंतीसाठी मात्र शब्द कोणी मागितले नाहीत. वाचकांनी यावर विचार करावा.

आमच्या मंडळाच्या वहीत मी एका वर्षाचा खर्च पाहिला. निम्म्याहून अधिक रक्कम आवाज आणि रोषणाईवर. गायन पार्टीसाठी जे उरेल ते, आणि तेही कार्यक्रम संपल्यावर, पाकिटात, किती आहे हे न सांगता. ढोलकीवाल्याला परत जायला रिक्षाही मिळत नाही अशा वेळी आपण त्याला सोडतो. कलावंताला मानधन ठरवून, आधी आणि लेखी द्यावे, ही साधी गोष्ट आपल्या चळवळीत आजही मागावी लागते! कडूबाई खरात एकतारी घेऊन गावोगाव गात होत्या तेव्हा त्यांना किती मंचांनी बोलावले? मोबाईलवर त्यांचे गाणे घरोघर पोहोचले, मग आपण हार घेऊन धावलो. आणि मंचावर कधीच न आलेल्या त्या बायका? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत, दळता दळता बायकांनी स्वतः रचलेल्या. आपल्या गीतपरंपरेचा हा मोठा भाग ज्यांनी घडवला त्याच आज भिंतीला टेकून कानावर पदर घेतात.

म्हणून घरच्यांची जागा हा माझ्या लेखी सोयीचा नव्हे, तत्त्वाचा मुद्दा आहे. जो मांडव आजी, सून आणि सातवीतली नात यांना दोन तास शेजारी बसवू शकत नाही, त्यात आपण मुलांना काय देणार? निळा टिळा आणि बहिरे कान?

पाड्याचा मुद्दाही याच्याशी जोडलेला आहे. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री आरेत करवती चालल्या. दोन हजारांहून अधिक झाडे पडली, २९ जणांना अटक झाली, आणि ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने पुढची तोड थांबवली. त्या रात्री पाड्यांतली माणसे रस्त्यावर होती, आमच्या युनिटातलीही काही मुले होती. पुढे पिकनिक पॉइंटच्या रविवारी गाणी झाली, चित्रे झाली, पथनाट्ये झाली. २०२० मध्ये आरेतली सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन करण्याची घोषणा झाली, २०२२ मध्ये कारशेड पुन्हा आरेतच आले, आणि आज त्यावरून मेट्रो धावते आहे. संकटात हे शेजारी एकत्र येतात, मग उत्सवात का नको? आदिवासींना मंचावर नाचवून टाळ्या वाजवायच्या, हे काम सरकारी खाती आणि पंचतारांकित हॉटेले करतातच. आपण तसे करायचे नाही. त्या आजींनी चौक मंचावर लिहायला नकार दिला, तो नकार मान्य करूनच त्यांना बोलवायचे आहे. मुलांना भिंत रंगवायला शिकवायला त्या येतील, असे त्या स्वतःच म्हणाल्या आहेत.

येत्या वर्षासाठी आमच्या युनिटाच्या बैठकीत मी काही गोष्टी ठेवल्या आहेत. कार्यक्रम संध्याकाळी पाचला सुरू, दहाच्या आत समाप्त. सत्कार एकच, तो त्या वर्षी दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींचा. मुलांची भाषणे आधी, पाहुण्यांची नंतर. पुढच्या चार रांगा बायकांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या. विहाराची मागची भिंत पाड्यातल्या बायकांच्या हाताखाली मुलांनी रंगवायची, आणि खाली शिकवणाऱ्यांची नावे लिहायची. त्यानंतर गायन पार्टी, दोन कर्णे आणि एक माइक पुरे. दोघांनी विरोध केला. एकाने विचारले की तरुण पोरे येणारच नाहीत, मग वर्गणी कोण गोळा करणार? प्रश्न खरा आहे, कारण वर्गणीची पुस्तके घेऊन दारोदार तीच पोरे फिरतात. त्यावर त्यांच्यातल्याच एकाने तोडगा सुचवला: १४ एप्रिलची मिरवणूक पोरांची, तिथे त्यांचा ठेका, परवानगीत आणि वेळेत. मे महिन्याचा मांडव घरच्यांचा. यावर अजून मतदान व्हायचे आहे. शिक्षिका असलेल्या एका भगिनीने तेवढ्यात वहीत लिहून घेतले की वर्गणीच्या पहिल्या पावत्या फाटल्या की ढोलकीवाल्याचे आणि पाड्यातल्या बायकांचे मानधन आधी बाजूला काढायचे, पेट्यांचे नंतर बघू.